प्रशिक्षकांचा धाक आणि खालावलेला खेळ

प्रश्न : आमच्या महाविद्यालयीन संघाचे नवे प्रशिक्षक सर्व निर्णय एकटेच घेतात आणि चूक झाली की सर्वांदेखत खडसावतात. काही सहकारी यामुळे सुधारले. माझा खेळ मात्र खालावला. मीच कमकुवत आहे का?

उत्तर : तसे मानण्याचे कारण नाही. क्रीडा व्यवस्थापनाचे अभ्यासक चेल्लादुराई यांच्या मांडणीनुसार प्रशिक्षकाचे प्रत्यक्ष वर्तन, परिस्थितीची मागणी आणि खेळाडूची अपेक्षा या तिन्हींचा मेळ जितका चांगला, तितके खेळाडूचे समाधान आणि कामगिरी सुधारण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली एक जण फुलतो आणि दुसरा आक्रसतो. चेल्लादुराई आणि सालेह यांनी १९८० मध्ये मांडलेल्या, प्रशिक्षकाची नेतृत्वशैली मोजणाऱ्या प्रश्नावलीत हुकूमशाही वर्तन हे पाचांपैकी केवळ एक अंग आहे. प्रशिक्षण, सहभागी निर्णय, वैयक्तिक आधार आणि शाबासकी ही उरलेली चार होत.

सामना चालू असताना एकाने निर्णय घेणे सोयीचेच असते, हे प्रशिक्षकांच्या बाजूने मान्य करावे लागेल. परंतु सरावातही सतत पाणउतारा होत राहिला, तर खेळाडूचे लक्ष कौशल्यावरून चूक टाळण्याकडे वळते आणि तो जोखीम घेणेच सोडतो. (कडकपणा आणि अपमान यांत आपल्याकडे फार गल्लत केली जाते.) प्रशिक्षकांना एकांतात भेटून, नेमकी कोणती चूक कशी सुधारावी, एवढेच विचारा. त्यानंतरही अपमान थांबला नाही, तर क्रीडा विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार करावी.