सँक्शन म्हणजे मंजुरी की निर्बंध?

तुमचा प्रश्न असा: बँकेत लोन सँक्शन होतं आणि बातम्यांत इराणवर सँक्शन्स लागतात, मग एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ कसे?

दोन्ही अर्थ खरे आहेत. पण "संदर्भावरून कळतंच" हे उत्तर मला मुळीच पटत नाही. पुण्यात भाषांतराचं काम करणाऱ्यांनी तर ते देऊच नये. चाकणच्या एका कारखान्याच्या निर्यात कराराचा मराठी मसुदा तपासायला आला होता. मूळ अट: माल कोणत्याही 'सँक्शन्ड' व्यक्तीला विकू नये. मसुद्यात होतं, "मंजूर व्यक्तीला विकू नये." व्याकरणात चोख वाक्य, म्हणून दोघांच्या नजरेखालून तसंच पुढे गेलेलं. म्हणजे ज्यांना विकायचं त्यांनाच बंदी आणि निर्बंधांच्या यादीतले मोकळे! तिथे "निर्बंध लागू असलेल्या व्यक्तीला" एवढंच हवं होतं.

अशी चूक होते, कारण हा शब्द आपल्याला रोज मंजुरीच्याच वेषात भेटतो: बँकेचं सँक्शन लेटर, महापालिकेचा सँक्शन्ड प्लॅन, वीजबिलावरचा मंजूर भार, सरकारी खात्यातली मंजूर पदं. हात आपोआप 'मंजूर' लिहून जातो.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पवित्र ठरवणं, विधिपूर्वक पक्कं करणं. इंग्रजीत आधी नाम आलं, कायदा किंवा फर्मान या अर्थाने. मग कायदा मोडल्यास होणारी शिक्षाही त्याच नावाखाली आली, कारण कायद्याला धाक तिचाच. क्रियापदाचा 'मान्यता देणं' हा अर्थ जुना, 'दंड करणं' विसाव्या शतकातला. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली तेव्हा राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) लावले ते सँक्शन्स, म्हणजे निर्बंध.

ओळखायचं कसं? क्रियापदाचं कर्म बघा. कर्ज, खर्च, नकाशा, पद, योजना असेल तर मंजुरी. देश, बँक, जहाज, माणूस असेल तर निर्बंध किंवा दंड. कंपनी न्यायाधिकरणाने कंपन्यांच्या विलीनीकरणाची योजना सँक्शन केली म्हणजे मंजूर केली. अमेरिकी कोर्टाने वकिलाला सँक्शन केलं म्हणजे त्याच्यावर दंडात्मक कारवाई केली. अनेकवचन आणि पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल तर डोळे मिटून निर्बंध लिहा. 'स्टेट-सँक्शन्ड' हिंसा मात्र शासनाने रोखलेली नव्हे, शासनाचा वरदहस्त असलेली.

याच कुळातले सँक्टिटी, सँक्टम, सँक्चुअरी: पावित्र्य, गाभारा, अभयारण्य. सँक्टिमोनियसला 'धार्मिक' लिहितात ते चूक, तो सोवळेपणाचा आव आणणारा. आणि आळंदी-देहूच्या वाटेवर अनेकदा ऐकू येतं तसं 'संत' आणि 'सेंट' हे भाऊ नाहीत. सेंट या कुळातला, संत संस्कृत 'सत्' मधला. आपल्या 'मंजूर'चं मूळ आणखी वेगळं, अरबी. 'नजर' त्याच धातूतली. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं. चाकणचा तो मसुदा याच अर्थाने मंजूर झाला होता.

'दोन अर्थ आहेत तर तळटीप द्या' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. करारात तळटीप कोणी वाचत नाही, शब्दच बरोबर हवा.

एक राहिलंच. बोलताना "लोन सँक्शन झालं" खुशाल म्हणा, त्यात गोंधळ नाही. फक्त सँक्शन म्हणजे पैसे हातात नव्हेत, वितरण वेगळं. कर्माची कसोटीही सगळीकडे चालत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ च्या कलम १९ मध्ये सरकारी नोकरावरच्या खटल्याआधी जे सँक्शन लागतं, त्यात माणूस आरोपी असूनही शब्द मंजुरीचाच: खटला चालवण्याची पूर्वमंजुरी. तिथे निर्बंध लिहिलंत तर कलमाचा अर्थच उलटेल.