पोवाडे आणि लोककथांवरून किशोरांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजीत जुनी बॅलड्स, म्हणजे गाऊन सांगायची कथागीतं, आणि परीकथा इतिहासात नेऊन बसवणाऱ्या किशोर कादंबऱ्या भरपूर आहेत, तुमची नववीतली मुलगी त्या अधाशासारख्या वाचते, मराठीत तसं लिहायचं तर गोष्ट कुठली घ्यावी आणि इतिहासात किती ढवळाढवळ चालते?

मी मुंबईत कुमारांच्या पुस्तकांचं संपादन करते. अशी हस्तलिखितं येतात आणि बरीचशी 'फार फार वर्षांपूर्वी'तच अडकून पडतात. किल्ला असतो, घोडा असतो, नऊवारी असते, साल मात्र नसतं. म्हणून माझं उत्तर एवढंच: आधी साल ठरवा. असं साल, ज्यात त्या गोष्टीतला चमत्कारिक भाग कुणाच्या तरी घरची खरीखुरी अडचण होऊन बसेल.

एलिझाबेथ मेरी पोप यांची 1974 ची 'द पेरिलस गार्ड' मुलीने वाचली नसेल तर आधी ती द्या. मूळ 'टॅम लिन' हे स्कॉटिश बॅलड. परीराणीने पळवलेल्या तरुणाला एक मुलगी हॅलोविनच्या रात्री सोडवते. तो तिच्या हातात साप होतो, तापलेलं लोखंड होतो, ती हात सोडत नाही. पोपबाईंनी हे 1558 च्या इंग्लंडात आणलं. त्या वर्षी 17 नोव्हेंबरला राणी मेरी वारली आणि एलिझाबेथ गादीवर आली, म्हणजे बॅलडमधल्या रात्रीनंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी. नायिका एलिझाबेथच्या पदरची, मेरीने दूर धाडलेली. सुटका जवळ आलीय हे इतिहास वाचलेल्याला कळतं, तिला कळत नाही. नुसत्या सालाने एवढं काम केलंय.

आता आपल्याकडे. पोवाड्याचं नाव निघालं की सगळे सिंहगडावरच चढतात. शाहीर तुळशीदासाच्या तानाजीवरच्या पोवाड्यात साल आधीपासूनच आहे, 1670. पण नायक ठरलेला, शेवट पाठ, आणि लेखकाने एक वाक्य इकडचं तिकडं केलं की भांडायला माणसं तयार. तिथे मी तानाजीला हात लावणार नाही, रायबाला धरीन. लग्न मोडून बाप निघून गेलेला मुलगा. बाप कसा पडला हे त्याला शाहिराच्या तोंडून कळतं, आणि त्यात घोरपडही असते. तो घोरपडीवर विश्वास ठेवतो का? किशोर कादंबरी तिथे आहे. घोरपड खरी की खोटी याचा निकाल लेखकाने लावायची गरजच नाही, तो त्या पोराच्या मनातला प्रश्न राहू द्या.

पण मला विचाराल तर पोवाड्यापेक्षा चिऊ-काऊ घ्या. हसू नका.

गोष्ट काय आहे? बाहेर पाऊस, कावळा दारात, आणि चिऊताई आतून म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला अंगडं घालते. थांब, तीट लावते. आपण सगळे हे ऐकत झोपलो आणि ती एवढा वेळ का काढतेय हे कुणी विचारलं नाही. आता तिला मार्च 1897 च्या मुंबईत, मांडवीतल्या एका चाळीत बसवा. आदल्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी तिथेच प्लेग ओळखलेला. शहराची वस्ती आठ लाखांवर. त्यातले लाखो लोक त्या हिवाळ्यात कोकणात नाहीतर घाटावर पळालेले. मार्चमध्ये जनरल गटाकरच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी सापडला की तो इस्पितळात, घरची माणसं छावणीत, कपडेलत्ते जाळायला, भिंतींना चुना, उजेड यावा म्हणून कौलं उतरवलेली.

दार वाजतं. तेरा वर्षांची मुलगी आतून ओरडते, "थांबा, बाळाला न्हाऊ घालतेय." घरात बाळ नाहीच. जांघेत गाठ आलेल्या थोरल्या भावाला आई पोटमाळ्यावर चढवतेय, त्याच्या तोंडात पदराचा बोळा आहे. पुन्हा थाप. "थांबा, अंगडं घालतेय." तीच वाक्यं, तोच क्रम; एक शब्द बदलावा लागत नाही आणि वाचकाच्या पोटात गोळा येतो.

पुढचं अवघड आहे, म्हणूनच किशोरांना द्यावं. दाराबाहेरचा नुसता दुष्ट असेल तर गोष्ट पुन्हा चार वर्षांच्या मुलांची होते. बाहेर गोरा सोजीर असेल, पण त्याच्याबरोबर एक देशी डॉक्टरही असेल. जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतःला टोचून घेतलेली प्लेगची लस आता मुंबईत आहे. ज्या इस्पितळाची सगळ्यांना धास्ती, त्या आर्थर रोडवर ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांनी हल्ला केलेला. भावाला लपवावं तर शेजारच्या खोलीतल्या तान्ह्या पोराचं काय? आणि कावळा पावसात उभा होता हेही खरंच ना? हे सगळं तिच्या डोक्यात येऊ द्या, दार मात्र लवकर उघडू नका.

ढवळाढवळीचं म्हणाल, तर माणसं हवी तेवढी कल्पनेतली घ्या, त्यांचं ज्ञान मात्र त्या सालातलंच ठेवा. उंदीर मरताना चिऊला दिसतील, पण पिसवांमुळे प्लेग होतो हे तिला ठाऊक असता कामा नये. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ते 1898 मध्ये मांडलं, तेव्हाही लगेच कुणी मानलं नाही. नायिकेने शंभर वर्षं पुढचं शहाणपण बोलून दाखवलं की माझी पेन्सिल तिथे अडते.

मुलीला लग्न-सासर असा विषय हवा असेल तर भोंडल्याच्या गाण्यातली सून आहेच. कारल्याचा वेल लाव, मग त्याला कारलं येऊ दे, मग जा माहेराला, अशा अटी परीकथेतल्या सावत्र आईलाही सुचायच्या नाहीत. ती गिरगावात 1887 मध्ये आणा. त्या वर्षी मुंबईच्या हायकोर्टाने नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. फेर धरलेल्या पोरींच्या कानावर हे येतच असणार.

साहित्य मिळायला त्रास नाही. पोवाड्यांसाठी अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांचा 1891 चा संग्रह बघा. हा अ‍ॅकवर्थ तेव्हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. वडाळ्याच्या कुष्ठरोग इस्पितळाला त्याचंच नाव आहे. शहराचे कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मिळतील. जुनी वर्तमानपत्रं चाळताना अग्रलेखांपेक्षा जाहिराती आणि बाजारभाव जास्त वाचा. घरात चूल कशावर पेटत होती, ज्वारी काय भावाने होती ते तिथेच कळतं.

आणि भाषा. बखरीतली 'जाहले, पावले' नकोत. चाळीतली तेरा वर्षांची पोर 1897 मध्येही आईशी साधंच भांडत असणार. फक्त 'टेन्शन' आणि 'ओके' काढा, बाकी तिला बोलू द्या.