परवाना, नकाशा, भोगवटा : फाइल शोधायची कुठे?

या वेळच्या सोलापूरकरांच्या पत्रांत घराच्या कागदपत्रांचे प्रश्न इतके आले, की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : विजापूर रोडला एक जुने रो-हाउस घ्यायचे चालले आहे. बांधकाम १९९६ च्या सुमाराचे. मालक खरेदीखत, वीजबिल आणि मिळकत कराच्या पावत्या दाखवतात. परवान्याचे विचारले की ‘असेल कुठेतरी’ म्हणतात. महापालिकेत तो पाहायला मिळेल का? (जुळे सोलापूर)

उत्तर : मिळेल. पण आधी एक समजूत काढून टाका. कराची पावती म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ नुसार अनधिकृत बांधकामावर मिळकत करासोबत शास्तीही, म्हणजे दंडही, लावता येते, आणि कर व शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. तेव्हा पावती हातात आलीच आहे तर तिच्यावर अनधिकृत बांधकामाच्या शास्तीचा आकडा आहे का, तेवढे पाहा. असला तर महापालिकेच्या दप्तरी ते बांधकाम अनधिकृत आहे, मालक काहीही सांगोत.

त्यानंतर कर विभागातून आकारणीचा उतारा काढा. पहिली आकारणी कोणत्या वर्षी झाली, क्षेत्र किती आणि वापर कसला, हे त्यात असते. घर केव्हा उभे राहिले याचा अंदाज येतो आणि पुढे मंजूर नकाशाशी ताडून पाहायला तोच उतारा कामाला येतो.

आता फाइल. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण ते मिळकत क्रमांक घेऊन जातात. बांधकामाच्या फाइली त्या क्रमांकावर लावलेल्या नसतात. त्या परवाना क्रमांक आणि वर्ष, जागेचा सर्व्हे नंबर आणि अर्जदाराचे नाव यांवरून सापडतात. म्हणून जाण्याआधी एका कागदावर हे सगळे उतरवा : जुना सर्व्हे किंवा गट नंबर आणि हिस्सा, ले-आउटमधला प्लॉट नंबर, टी.पी. स्कीममधली (नगररचना योजनेतली) जागा असेल तर फायनल प्लॉट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, मिळकत क्रमांक आणि बांधकामाच्या वेळच्या मालकाचे नाव. आजच्या खरेदीखतात हे सगळे सापडत नाही. त्याच्या आधीचे खत, म्हणजे बिल्डरने पहिल्या घेणाऱ्याला करून दिलेले, मागून घ्या. नोंदणी कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनवरून (दस्तांच्या नोंदींच्या यादीवरून) त्या दस्ताचा नंबर मिळतो. रो-हाउसच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. सगळ्या रांगेचा परवाना एकच आणि तो जमीनमालकाच्या किंवा विकसकाच्या नावावर असतो. तुमच्या मालकाच्या नावाने दिवसभर रजिस्टर चाळले तरी काही हाती लागणार नाही.

अर्ज महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात द्यायचा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विकणाऱ्या मालकानेच प्रमाणित नकलेसाठी अर्ज करायचा आणि तुम्हाला अधिकारपत्र द्यायचे. मालकाच्या अर्जाला ‘तुमचा संबंध काय’ हा प्रश्न येत नाही. मालक अधिकारपत्राला टाळाटाळ करत असेल तर इसार देण्याची घाई करू नका.

फाइल मिळाली की आधी परवान्याचे पत्र, म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र, पाहा. हा परवाना एका वर्षापुरता असतो आणि नंतर वर्षावर्षाने वाढवून घ्यावा लागतो. मुदतीत निदान जोत्यापर्यंत काम झाले होते का, ते जोते तपासणीच्या कागदावरून कळते. मग विकास शुल्काचे चलन शोधा. हे शुल्क १९९२ पासून कायद्यात आले, तेव्हा १९९६ च्या फाइलमध्ये त्याची पावती असायला हवी. परवाना आहे पण चलन नाही, असे दिसले तर पत्रावरचा जावक क्रमांक आणि तारीख जावक नोंदवहीशी जुळवून घ्या. बनावट पत्र शिक्क्यावरून क्वचितच ओळखू येते, नोंदवहीत ते पकडले जाते.

नकाशा तिथेच उलगडून वाचा. जुन्या अमोनिया प्रिंट घडीवर फाटलेल्या आणि फिकट झालेल्या असतात, म्हणून झेरॉक्सवर भागत नाही. रंगच झेरॉक्समध्ये जातो. नवे काम लाल रंगात, पाडायचे काम पिवळ्यात आणि प्लॉटची हद्द जाड काळ्या रेषेत, अशी पद्धत आहे. पिवळ्या रंगातली खोली आज जागेवर उभी असेल तर मंजुरीची अट पाळलेली नाही, असे समजा. कोपऱ्यातला क्षेत्राचा तक्ता उतरवून घ्या आणि टेप घेऊन जागेवर जा. बाजूच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड, त्याच अंतरात बाहेरून काढलेला जिना, बंद केलेली बाल्कनी, पार्किंगच्या जागी दुकानाचे शटर : फरक बहुतेक याच चार ठिकाणी निघतो.

शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला वापर परवानाही म्हणतात. त्या काळातल्या बऱ्याच घरांना परवाना आहे पण भोगवटा घेतलेलाच नाही. परवानाच नसणे आणि भोगवटा नसणे यांत मोठा फरक आहे. बांधकाम नकाशाबरहुकूम असेल तर नोंदणीकृत आर्किटेक्टमार्फत पूर्णत्वाचा दाखला जोडून आजही अर्ज करता येतो. तो खर्च विकणाऱ्याच्या माथी घालून व्यवहार ठरवावा, असे आमचे मत आहे. परवानाच नसेल तर किंमत कितीही उतरवली तरी तो व्यवहार आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : माहिती अधिकारात अर्ज दिला. उत्तर आले, ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ आता? (होटगी रोड)

उत्तर : तुमच्या अर्जाची प्रत पाहिली. तुम्ही ‘माझ्या शेजारील इमारतीची संपूर्ण माहिती’ मागितली आहे. अशा अर्जाला असेच उत्तर येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. मसुदा असा ठेवा : ‘मौजे अमुक, स. नं. अमुक, प्लॉट नं. अमुक या जागेवरील बांधकामास १ जानेवारी १९९४ ते ३१ डिसेंबर १९९८ या काळात दिलेला परवाना, मंजूर नकाशा, जोते तपासणी व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. या फाइलचे व त्या काळातील परवाना नोंदवहीचे अवलोकन करू द्यावे.’

अवलोकनाची मागणी विसरू नका. पहिला तास फुकट आणि पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. समोर बसून नोंदवही चाळली की अर्जदाराचे नाव वेगळे होते की सर्व्हे नंबर चुकीचा होता, ते तिथल्या तिथे उमगते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि नकलेला पानामागे दोन रुपये. मोठ्या नकाशाच्या प्रतीला प्रत्यक्ष येईल तो खर्च. मुदत तीस दिवसांची. दुसऱ्याच्या मिळकतीची माहिती असल्यामुळे कलम ११ खाली त्या मालकाला नोटीस गेली तर चाळीस दिवस धरा.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. पुढचे अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. ‘आढळत नाही’ या उत्तरावर अपिलात दोन गोष्टी मागा : महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली जबाबदारी निश्चित करावी आणि फाइलची पुनर्बांधणी करावी. दरम्यान तीच कागदपत्रे दुसरीकडे शोधा. घरावर कर्ज काढले असेल तर बँकेच्या फाइलमध्ये मंजूर नकाशा असतो. गृहनिर्माण संस्था असेल तर नोंदणीच्या वेळी उपनिबंधकांकडे कागद दिलेले असतात. पहिल्या करारनाम्याला नकाशा जोडलेला असण्याचीही शक्यता असते. आर्किटेक्ट तर वर्षानुवर्षे आपली प्रत जपून ठेवतात.

प्रश्न : शेळगीत वडिलांनी १९८७ साली घर बांधले. ग्रामपंचायतीचा बांधकाम दाखला आहे. महापालिका म्हणते, आमच्याकडे नोंद नाही.

उत्तर : नसणारच. शेळगी, बाळे, देगाव, केगाव, कुमठे, सोरेगाव ही गावे १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आली. त्याआधीचा परवाना महापालिकेने दिलेलाच नाही. तुमचे घर तेव्हाच्या गावठाणात होते का, हा खरा प्रश्न आहे. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या दाखल्याला वजन आहे. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर असेल तर बिनशेती आदेश लागतो, नुसता सरपंचांच्या सहीचा दाखला पुरत नाही. सातबाऱ्याच्या माथ्यावर गाव आणि तालुका पाहा आणि त्या गावच्या तलाठी कार्यालयात गाव नमुना दोन, म्हणजे अकृषिक महसुलाची नोंदवही, दाखवायला सांगा. बिनशेती आदेशाचा क्रमांक आणि तारीख तिथे सापडते, मग मूळ आदेश अभिलेख कक्षातून निघतो. आदेश नसेल आणि प्लॉट गुंठ्यांनी तोडून विकलेला असेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करून घेण्याचा मार्ग उरतो. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली, त्यात तुमचे घर सहज बसते.

प्रश्न : १,२०० चौरस फुटांच्या प्लॉटवर २०२२ मध्ये बांधलेले घर घेत आहोत. मालकाकडे परवान्याचे पत्र नाही, फक्त पैसे भरल्याची पावती आणि आर्किटेक्टच्या सहीचा नकाशा आहे. फसवणूक तर नाही?

उत्तर : लगेच तसे समजू नका. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला कमी जोखमीच्या गटात घातले आहे. १,२०० चौरस फूट म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. या गटात कागदपत्रे दाखल करून शुल्क भरले की ती पोचच परवानगी धरली जाते. मात्र दाखल केलेल्या नकाशावर महापालिकेचा आवक क्रमांक हवा आणि पावतीवरची जागा तीच हवी. नियमावलीबाहेर बांधले असेल तर ही सवलत घर वाचवत नाही.

प्रश्न : नव्या इमारतीत फ्लॅट घेतो आहे. बिल्डर म्हणतो, ‘सीसी (प्रारंभ प्रमाणपत्र) आहे, भोगवटा येईलच.’

उत्तर : महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त सदनिका असे दोन्ही असेल तर नोंदणी सक्तीची आहे. तिथे प्रारंभ प्रमाणपत्र उघडून ते किती मजल्यांपर्यंत आहे, हे वाचा. सात मजली इमारतीची सीसी पाचव्या मजल्यापर्यंतच असू शकते. तुमचा फ्लॅट सहाव्यावर असेल तर ‘सीसी आहे’ या वाक्याला अर्थ उरत नाही. अंशतः भोगवटा असेल तर त्यातही मजला आणि विंग पाहा.

प्रश्न : साखर पेठेतल्या जुन्या वाड्यात भाड्याने राहतो. धोकादायक इमारत म्हणून नोटीस लागली. पाहणी कधी झाली, काय आढळले, हे कळेल का?

उत्तर : कळेल. नोटीस बहुधा महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची असेल, तो क्रमांक टिपून घ्या. पाहणी विभागीय कार्यालयाचे अभियंते करतात, म्हणून मुख्य कार्यालयाआधी तिथे जा आणि पाहणी अहवाल, पंचनामा आणि छायाचित्रे मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे कलम २६५-अ नुसार मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. तीस वर्षे पूर्णत्वाचा दाखला, वापराची परवानगी किंवा निम्म्या इमारतीचा प्रत्यक्ष वापर यांतले जे आधी घडले त्यापासून मोजतात. असा अहवाल दिला आहे का, तेही विचारा.

अहवाल हाती आला तर चाचण्या कोणत्या केल्या ते पाहा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिकचे आकडे काँक्रीटसाठी असतात. दगडमातीच्या भिंती आणि माळवद असलेल्या वाड्याच्या अहवालात नुसते तेच आकडे भरलेले असतील तर तो अहवाल कामाचा नाही. तिथे भिंतीचा ओळंबा, फुगवटा, भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजली आहेत का आणि माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे किती थर चढले आहेत, हे लिहिलेले हवे. पावसात तीच माती भिजून वजन वाढते आणि वाडा बसतो तो त्या भाराने.

थोडक्यात उत्तरे : अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याचा नकाशा महापालिकेत शोधू नका, तिथे परवानगी एमआयडीसीच देते. आगीच्या बाबतीत परवानाधारक एजन्सीने दर जानेवारी आणि जुलैत द्यायचे ‘ब’ प्रपत्र (आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) अग्निशमन विभागाकडे जमा झाले आहे का, ते पाहा.

भुईकोट किल्ल्याजवळ घेत असाल तर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचे ना-हरकत लागते. फाइलमध्ये ते पत्र नसेल तर महापालिकेचा परवाना असूनही अडचण येते. होटगी रोडच्या विमानतळाजवळच्या उंच इमारतीसाठी विमानतळ प्राधिकरणाचे उंचीचे पत्र पाहा. विमानांना अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, ते सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.