मागच्या बाकावरून बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मुख्याध्यापक होऊन तुला जेमतेम एक सत्र झालंय आणि तू लिहिलं आहेस, "कोण चांगलं शिकवतं हे निकालाच्या तक्त्यावरून लगेच कळतं." या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो.

मीही असंच मानायचो. आमच्याकडे गणिताच्या एक बाई होत्या. त्यांच्या तुकडीचा निकाल कायम तळाला आणि वर्गात सतत गलका. वार्षिक अहवालात मी दोनदा 'सुधारणा आवश्यक' असा शेरा मारला. तिसऱ्या वर्षी त्या मुलांचे आदल्या वर्षीचे गुण काढून शेजारी मांडले, तेव्हा डोळे उघडले. सगळ्यांत कच्ची मुलं दरवर्षी आम्हीच त्यांच्याकडे देत होतो, आणि वर्षभरात ती जितकी पुढे सरकत, तितकी दुसऱ्या कुठल्याही तुकडीतली सरकत नव्हती. गलका होता तो मुलं एकमेकांना उदाहरणं समजावून सांगत होती त्याचा! बाईंची मी माफी मागितली, पण ते दोन शेरे कागदावर राहिलेच.

१९६६ साली अमेरिकेत आलेल्या कोलमन अहवालाने मुलांच्या गुणांमागे घरच्या परिस्थितीचा वाटा किती मोठा असतो हे दाखवलं. म्हणून वर्षअखेरचा आकडा एकट्या शिक्षकाच्या नावावर जमा करू नकोस. मूल कुठून निघालं ते आधी बघ. लहान तुकडीत दोन-चार मुलांमुळेही सरासरी हलते, तेव्हा एका वर्षावर न थांबता निदान तीन वर्षं बघ.

आपली नजरही तपासून घ्यावी लागते. जेकब आणि लेफग्रेन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मुख्याध्यापकांची मतं मुलांच्या गुणांतल्या वाढीशी ताडून पाहिली. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अगदी उत्तम आणि अगदी कमजोर शिक्षक मुख्याध्यापकांनी बऱ्यापैकी बरोबर ओळखले होते, मधल्यांमधला फरक मात्र त्यांना सांगता आला नाही. शाळेत बहुतेक शिक्षक मधलेच असतात, आणि बहुतेक मुलं त्यांच्याच हातून शिकतात. त्यांच्या तासाला आपण सहसा जातच नाही, कारण तिथून तक्रारही येत नाही आणि बक्षीसही.

तिथे जा. वर्षातून एकदा वही घेऊन दारात उभं राहण्याला मी पाठनिरीक्षण म्हणत नाही. मागच्या बाकावर पूर्ण तास बस. फळ्याकडे कमी आणि मुलांच्या वह्यांकडे जास्त बघ. चुकलेल्या उत्तराचं शिक्षक पुढे काय करतात? हात वर न करणाऱ्या मुलापर्यंत ते पोचतात का? जमलं तर दुसऱ्या एखाद्या तासाला अनुभवी सहकाऱ्याला पाठव. चांगलं शिकवणं कसं मोजावं हे तपासण्यासाठी अमेरिकेत सुमारे ३,००० शिक्षकांना घेऊन केलेल्या 'मेट' या संशोधन प्रकल्पात असं दिसलं, की एकाच निरीक्षकाने आणखी एक तास बघण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने बघितल्यावर मूल्यमापन अधिक भरवशाचं होतं. आणि जे दिसेल ते त्याच दिवशी शिक्षकाशी बोल. अहवालाची वाट बघू नकोस.

पुढच्या पत्रात मला टक्केवारी नको. तुझ्या मधल्या शिक्षकांपैकी एकाचा तास कसा झाला, ते सविस्तर लिही.

तुझा,
सर