पटावरचे प्रश्न : लपलेला शत्रू आणि एक जादा फेरी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर आजोबा आणि मी ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’चं स्टार्टर किट खेळतोय, म्हणजे त्या युद्धाच्या पटखेळाची सोपी आवृत्ती. आजोबा सुभेदार होते, शेवटची काही वर्षं महूला होते. किटातले सगळे सिनॅरिओ, म्हणजे आखून दिलेल्या लढाया, दोन-दोनदा खेळून झाले. आता मामाने पूर्ण नियमांचं जाडजूड पुस्तक आणून दिलंय. आजोबा म्हणतात, नवे सिनॅरिओ मागून बघू, आधी आपलीच ओळखीची गावं मोठ्या नियमांनी खेळू. मागच्या रविवारी तसं केलं, तर हल्ला करणारा मी अर्ध्या गावापर्यंतसुद्धा पोचलो नाही. आजोबा मात्र खूश. ‘शत्रू असा समोर मांडून बसतो होय? आता कुठे खरं वाटतंय,’ म्हणाले. जुने सिनॅरिओ नव्या नियमांत बसवायचे कसे?

उत्तर : तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग. वर्षभर त्यांना काय खटकत होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलंय, आणि तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच वाक्यात आहे.

इतर वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. ‘स्क्वॉड लीडर’ 1977 मध्ये अ‍ॅव्हलॉन हिलने काढला. दुसऱ्या महायुद्धातली, दहा-दहा माणसांच्या तुकड्यांची लढाई. 1985 मध्ये त्याचंच वाढवलेलं रूप ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणून आलं आणि नियम इतके झाले की नवा माणूस उंबऱ्यावरच थबकायचा. म्हणून 2004 मध्ये मल्टी-मॅन पब्लिशिंगने पहिलं स्टार्टर किट आणलं. त्यात बरेच नियम गाळले, पण राहिले ते साधारण मूळचेच. पट तसाच, सोंगट्या तशाच, तुकड्यांचे आकडेही तेच. त्यामुळे वाटतं की किटातला सिनॅरिओ उचलायचा, मोठं पुस्तक उघडायचं आणि बसायचं खेळायला.

तिथेच गाडं अडतं. सिनॅरिओ म्हणजे नुसतं गाव आणि दोन फौजा नव्हेत. ‘सहा फेऱ्यांत इतकी घरं घे’ हा वेळेचा हिशोब त्यात असतो, आणि रचणाऱ्याने तो गाळलेले नियम गाळूनच मांडलेला असतो. गाळलेलं परत घातलं की हिशोब मोडतो. कोणाच्या बाजूने मोडतो, हे प्रत्येक नियमाला वेगवेगळं विचारायला लागतं.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो लपण्याचा. किटात शत्रूच्या तुकड्या उघड्या असतात. पूर्ण नियमांत आडोशाला मांडलेल्या तुकडीवर प्रश्नचिन्हाची सोंगटी ठेवता येते. तिच्यावर गोळीबार केलास तर मारा निम्मा धरायचा. शिवाय काही प्रश्नचिन्हांच्या खाली कोणीच नसतं, ती फसवी.

हे आम्ही रामबागेतल्या आमच्या घरी अनुभवलंय. माझी नि वहिनीची दर रविवारची बैठक असते, सकाळचे पोहे झाले की जेवणाच्या टेबलावर पट पसरतो. आम्हीही सुरुवातीला चार-पाच नवे नियम एकदमच घातले होते. चौकातलं एक दगडी घर मला हवं होतं. माझ्या दोन अमेरिकन तुकड्या, प्रत्येकीचा मारा सहा, म्हणजे मिळून 12 चा मारा. एरवी गोळीबाराच्या तक्त्यावर 12 च्या रकान्यात बघितलं असतं, आता 6 च्या. त्यात दगडी भिंतीचे तीन फाशांत मिळवायचे, सगळे माझ्या विरुद्ध. दोन फेऱ्या मी त्या घरावर गोळ्या घालत राहिले. तिसऱ्या फेरीत वहिनीने प्रश्नचिन्ह उचललं, तर खाली रिकामा षट्कोन (पट अशा षट्कोनांत आखलेला असतो). तिचे जर्मन शेजारच्या लाकडी घरात होते आणि माझा वेळ संपत आला होता. त्या दिवशी मला कळलं की लपण्याचा नियम बचाव करणाऱ्याला माणसं देत नाही, वेळ देतो.

म्हणून भरपाईही वेळेनेच कर. पाच-सहा फेऱ्यांचा सिनॅरिओ असेल तर एक फेरी वाढव. पुष्कळ जण हल्ला करणाऱ्याला जादा तुकड्या देतात, मला ते पटत नाही. किटातले सिनॅरिओ छोट्या जागेत रचलेले असतात. तुकड्या वाढल्या की गल्लीत गर्दी होते आणि कुठून शिरायचं हा मूळ पेचच पुसला जातो. फेरी वाढवली तर पेच तसाच राहतो, फक्त चाचपडायला सवड मिळते. फसवी प्रश्नचिन्हं मोजकीच दे, तीन खऱ्या तुकड्यांमागे एक पुरे. आजोबा जास्त मागतील, पहिल्या दोन रविवारी देऊ नकोस.

तोफ असलेला सिनॅरिओ मात्र वेगळा. किटात रणगाडाविरोधी तोफ सगळ्यांना दिसते, तिला टाळून रणगाडे दुसऱ्या बाजूने नेता येतात. पूर्ण नियमांत आडोशाला रोवून मांडलेली तोफ पटावर ठेवायचीच नाही, षट्कोनाचा क्रमांक कागदावर लिहून घडी करून ठेवायचा. पहिला गोळा सुटेपर्यंत ती कुठे आहे हे तुला कळणार नाही. अशा वेळी एक फेरी पुरत नाही. तोफ पहिल्यांदा प्रश्नचिन्हाखाली पटावरच ठेवा. कागदाची घडी पुढच्या डावाला.

नेमबाजाचा नियम ऐकायला भीतिदायक आहे, पण त्याचं गणित करून बघ. प्रत्येक बाजूला एक आकडा असतो. समोरच्याच्या ठरावीक फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी आली की तुझा नेमबाज उठू शकतो, मग एक फासा टाकायचा आणि 1 किंवा 2 आला तरच तो काही करतो. आकडा 3 असेल तर दोन फाशांत 3 येण्याची शक्यता 36 पैकी 2, त्यातली एक तृतीयांश धरली की 54 मध्ये एकदा. आकडा 5 केला तर 27 मध्ये एकदा, म्हणजे सरळ दुप्पट. शत्रूचा नेमबाज आपल्या फाशांवर उठतो, म्हणून जो जास्त गोळ्या झाडतो त्याला तो जास्त छळतो. जुन्या सिनॅरिओत हा आकडा दिलेलाच नसतो, तो तुम्हालाच ठरवायचाय. दोघांनाही 3 द्या. गावात आधीपासून ठाण मांडून बसलेली फौज असेल तर तिला 4, त्याच्या वर नको.

आता तुझ्या बाजूचे नियमही आहेत, ते विसरू नकोस. पूर्ण नियमांत घरात न शिरता त्याच्या कडेने वळसा घालून पुढे सरकता येतं. हल्ला करणाऱ्याला हे वरदान आहे आणि किटाची सवय झालेला माणूस ते हमखास विसरतो. मागच्या रविवारी तू एकदा तरी वळसा घातलास का, आठवून बघ. दुसरं म्हणजे कैदी. मोडलेल्या, म्हणजे धीर खचलेल्या, तुकडीला पळायला वाट नसली तर किटात ती संपते, पूर्ण नियमांत ती शरण येऊ शकते. जिथे जिंकणं शत्रूच्या नुकसानीवर मोजलं जातं, तिथे कैद्याचे गुण दुप्पट असतात. अशा सिनॅरिओत जिंकण्याचा आकडा थोडा वर न्यावा लागेल.

हवा, वारा, आग यांना सध्या हात लावू नका. कागदावर चक्क लिहून ठेवा : हवा मध्यम, सुरुवातीला वारा नाही, आग लावायची नाही. पूर्ण नियमांचे छापील सिनॅरिओसुद्धा पुष्कळदा हेच लिहितात. पण तारीख जरूर बघा. पूर्ण नियमांत शेतात पीक उभं असतं ते जून ते सप्टेंबर. सिनॅरिओ जानेवारीतला असेल तर ज्या शेतातून तू वर्षभर दबकत गेलास ते मोकळं मैदान झालेलं असतं आणि आजोबांची मशीनगन बरोबर त्याच्या तोंडावर असते. तुझ्या हरण्याचं एक कारण हेही असू शकेल. पीक ठेवायचंच असेल तर ‘शेतं उभी आहेत’ अशी एक ओळ लिही, ते चालतं.

एका रविवारी एकच नियम. आणि प्रत्येक सिनॅरिओ बाजू बदलून दोनदा. दोन्ही वेळा बचाव करणारा जिंकला तर आणखी अर्धी फेरी वाढव, म्हणजे शेवटच्या फेरीत फक्त हल्ला करणाऱ्याची पाळी. हे सगळं त्या सिनॅरिओच्या कार्डावरच पेन्सिलीने टिपून ठेव. आमच्या कार्डांवर वहिनीच्या अक्षरातल्या अशा कितीतरी टिपा आहेत, आणि मला छापील मजकुराइतक्याच त्या लागतात.

प्रश्न : महिदपूर हे आमचं आजोळ. तिथली 1817 ची लढाई याच नियमांनी मांडता येईल का?

उत्तर : याच नियमांनी नाही. त्यात एक षट्कोन 40 मीटरचा. महिदपूरला होळकरांचं नुसतं घोडदळच हजारोंनी होतं, ते त्यात मावणार नाही. एक सोंगटी म्हणजे एक पलटण, असे साधे नियम घ्या. पहिल्या डावात क्षिप्रा नदी, तिचा उतार म्हणजे चालत ओलांडण्याजोगी जागा, पलीकडे होळकरांच्या तोफा आणि त्यांच्यावर सरळ चालून जाणारं हिस्लॉप आणि माल्कम या इंग्रज सेनानींचं पायदळ, एवढंच मांडा. इंग्रज त्या दिवशी जिंकले, पण त्या तोफांपुढे त्यांची शेकडो माणसं पडली. पटावरही तोफांचा मारा तसाच जड हवा.

नियम वाढवायचा तर हुकमाचा वाढवा. लढाई 21 डिसेंबरची, आणि आदल्याच दिवशी होळकरांचा कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी नदीकाठी ठार केलं होतं. गादीवरचे दुसरे मल्हारराव अजून लहान. अशा फौजेतलं घोडदळ सांगितलं की निघेलच असं नाही. दर फेरीला त्याच्यासाठी फासा टाका, 5 किंवा 6 आला तरच ते हलेल. दारूगोळा, पाणी, धूळ हे सगळं त्यानंतर.

आजोळी जाल तेव्हा उताराजवळ दोन्हीकडचे काठ किती उंच आहेत ते बघून मला कळवाल का? माझ्या पटावर ती नदी मी अजून अंदाजानेच काढलेली आहे.