कुत्र्याने ऐकायचं की कुत्र्याचं ऐकायचं? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी बदकांच्या शिकारीचे व्हिडिओ बघते. शिकारी नुसता हात करतो आणि त्याचा लॅब, म्हणजे लॅब्रडॉर कुत्रा, सरळ पाण्यात उडी मारून पार पलीकडे जातो. हे खरंच प्रेम असतं की नुसतं ट्रेनिंग आणि खाऊची लालूच?

खाऊची लालूच तर अजिबात नाही, कारण एवढ्या गार पाण्यात त्याला बिस्किट कोण दाखवणार? त्याला वस्तू तोंडात धरून आणून द्यायलाच मनापासून आवडतं आणि पिढ्यानपिढ्या हीच आवड बघून ब्रीडिंग केलेलं आहे. लॅब्रडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे, ते समुद्रातून जाळ्याचे दोर आणि गळातून सुटलेले मासे आणून द्यायचे, तिथून ते इंग्लंडला गेले आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने लॅब्रडॉरला वेगळी जात म्हणून मान्यता दिली.

पण आवड वेगळी आणि नातं वेगळं. नातं कुठे दिसतं सांगते. बदक पडताना कुत्र्याने स्वतः बघितलं असेल तर त्याला मार्क म्हणतात, चांगला कुत्रा आडोशात गप्प बसून दोन-तीन पक्षी कुठे कुठे पडले ते बरोबर लक्षात ठेवतो. आणि त्याने बघितलेलंच नसेल, फक्त माणसाला माहीत असेल, तर तो ब्लाइंड रिट्रीव्ह (रिट्रीव्ह म्हणजे शोधून आणून देणं). आता बघा, कुत्रा पाण्यात लांबवर पोहोचलाय, एक शिट्टी वाजते, तो वळतो, जागच्या जागी पाय मारत तरंगत तुमच्याकडे बघत राहतो, तुम्ही उजवीकडे हात करता आणि तो निघतो. त्या बाजूला त्याला काही दिसत नाही, वासही येत नाही, तरी जातो, कारण आजवर या माणसाने हात केला तिकडे काहीतरी मिळालंच आहे. म्हणून ट्रेनिंग देताना चांगले लोक हात दाखवलेल्या ठिकाणी डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी सरावाला वापरायची वस्तू, आहे याची आधी खात्री करतात, कुत्र्याला कधी उगाच रिकामं पळवत नाहीत.

आणि याच्या उलटही असतं आणि मला विचाराल तर ते जास्त अवघड. जखमी बदक बुडी मारतं आणि लव्हाळ्यात चोच तेवढी पाण्यावर ठेवून लपतं, तुम्हाला ठामपणे वाटतंय ते डावीकडे पडलं आणि तुम्ही शिट्टीवर शिट्टी वाजवताय, पण वारा उजवीकडून येतोय आणि कुत्र्याचं नाक तिकडे ओढतंय, शेपटी जोरात हलायला लागलीय. अशा वेळी शिट्टी खिशात ठेवायची आणि गप्प बसायचं. ज्याला हे जमतं तो खरा हँडलर. जिथे फक्त माणूसच हुकूम सोडतो तिथे कुत्रा आज्ञाधारक होतो, जोडीदार होत नाही.

शिवाय कुत्रा नसेल तर जखमी पक्षी तिथेच तडफडून मरतो. अमेरिकेत तर पाडलेला पक्षी शोधायचा रीतसर प्रयत्न करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना १९३४ पासून डक स्टॅम्प नावाचं सरकारी तिकीट घ्यावं लागतं, त्याचा पैसा पाणथळ जागा राखायला जातो, त्यावर दरवर्षी पक्ष्यांचं चित्र असतं, पण १९५९ च्या स्टॅम्पवर किंग बक नावाचा काळा लॅब आहे, तोंडात मॅलार्ड जातीच्या बदकाचा नर धरलेला. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं तो तिथल्या रिट्रीव्हर, म्हणजे शिकार आणून देणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेतला नॅशनल चॅम्पियन होता. स्टॅम्पवरचा हा मान त्याला मिळाला तो रिट्रीव्हरमुळे पक्षी वाया जात नाहीत हे लोकांना सांगायला, आणि मला ते फार योग्य वाटतं.

प्रश्न : आमचं पिल्लू डमी आणतं पण चावतं आणि सोडतच नाही. मोठेपणी पक्ष्याची चाळण करेल का?

आत्तापासून घाबरू नका, दात येताना सगळीच पिल्लं चावतात. दोन गोष्टी मात्र लगेच बंद करा, डमीने रस्सीखेच खेळणं आणि ते काही घेऊन पळालं की मागे धावणं. तोंडात काहीतरी घेऊन तुमच्याकडे आलं ना, की आपण पटकन हिसकावतो, इथेच गाडी बिघडते, पिल्लू शिकतं की याच्याजवळ गेलं की वस्तू जाते, मग ते घट्ट धरतं नाहीतर लांबूनच घिरट्या घालतं. त्यापेक्षा खाली बसा, छातीवरून हात फिरवा, त्याला थोडा वेळ धरू द्या, कौतुक करा आणि मग शांतपणे हातात सोडायला लावा. चप्पल आणली तरी ओरडू नका हो, त्याच्यासाठी तेही रिट्रीव्हच आहे. हलक्या तोंडाने धरणं बरंचसं रक्तातच असतं, आपण ते बिघडवायचं नाही एवढंच.

प्रश्न : इतक्या थंड पाण्यात कुत्र्याला त्रास होत नाही का? तो तर स्वतःहून परत परत उडी मारतो.

होतो, आणि तो सांगत नाही हीच मोठी अडचण आहे. दुहेरी तेलकट केस असतात, पाणी कातडीपर्यंत लवकर जात नाही, हे सगळं खरं, पण ओला कुत्रा वाऱ्यात बसून राहिला की गारठतोच. म्हणून निओप्रीनचं जॅकेट, पाण्याच्या वर बसायला स्टँड आणि प्रत्येक फेरीनंतर पुसणं हवंच. थंडीने कापणं थांबत नसेल, पाय अडखळत असतील, हाक मारल्यावर उशिरा बघत असेल तर त्या दिवसाची शिकार संपली, कितीही बदकं येत असू देत. दुसऱ्या दिवशी शेपटी मुळापासून लुळी लटकत असेल तर ते गार पाण्यात खूप पोहल्यामुळेही होतं, सहसा विश्रांतीने काही दिवसांत बरं होतं, पण व्हेटला दाखवा. जोरात पळाल्यावर लॅबचे मागचे पाय एकदम गळाले तर मात्र हयगय नको, एक आनुवंशिक आजार तसा असतो, त्याचं जीन २००८ मध्ये सापडलं, टेस्ट मिळते, ब्रीडिंगच्या आधी करूनच घ्या.

आणि बंदुकीची नळी कुत्र्याच्या डोक्यावरून कधीच नाही. त्याच्या कानाला प्रत्येक बार लागतो, तुम्ही इअरप्लग घालता, तो काय घालणार?

प्रश्न : कुत्रा म्हातारा झालाय, ऐकू कमी येतं. बॅग भरायला लागलो की दारात येऊन बसतो. घरी ठेवू की नेऊ?

व्हेट सांधे आणि हृदय बघून हो म्हणत असेल तर न्या, पण अख्खा दिवस नाही. वारा नसलेली सकाळ, उथळ पाणी, जवळ पडलेला आणि त्याने बघितलेला एखादाच पक्षी, बाकीचं काम तरुण कुत्र्याला द्या. शिट्टी ऐकू येत नसेल पण हात दिसतो ना, म्हणून त्याच्या नजरेच्या टप्प्यातच रहा आणि तो वळून बघेल तेव्हा हात मोठा करा. गाडीत चढताना उचलून घ्या, उडी मारू देऊ नका. आणि ज्या दिवशी न्यायचं नाही त्या दिवशी बॅग त्याच्यासमोर भरू नका, आदल्या रात्री तो झोपल्यावर भरा.