चुकाऱ्याच्या दिवशीचा हिशोब

चि. पोरा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिळालं. मोबाइलवर हिशोबाचं ॲप दोनदा घेतलंस, दोनदा काढून टाकलंस, वहीही आखाडीनंतर बंद पडली, म्हणून स्वतःला आळशी म्हणतोस. मला ते पटत नाही. ती ॲपं एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी आहेत. निम्मे गरजेला, 30 टक्के हौसेला, 20 टक्के शिल्लक, हे सूत्र नोकरदाराला लागू पडेल. कास्तकारानं जुलैत निम्मे कशाचे काढायचे? आपल्याकडे सोयाबीन दसरा-दिवाळीला निघतं, कापसाचे वेचे दिवाळीनंतर, तूर संक्रांतीच्या आसपास. पैसा चार-पाच महिने येतो आणि घर बारा महिने चालवावं लागतं.

तुझ्या वयात मी चहाचा कपसुद्धा वहीत लिहायचो. वर्षभर एक दिवस चुकवला नाही. तरी मृगात सरकी घ्यायला पैसे नव्हते आणि तुझ्या काकूची पोत गहाण पडली. ती सोडवायला तीन हंगाम लागले. पैसा कुठं गेला ते वहीत सगळं होतं, पण पेरणीचा पैसा बाजूला कुणी काढलाच नव्हता. पुढे गावाला पीककर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीत गटसचिव म्हणून इतक्या घरांचे हिशोब पाहिले, त्यात हेच पुन्हा पुन्हा दिसलं.

म्हणून खर्च लिहिण्याआधी वाटणी कर, आणि ती चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, खात्यात आला त्याच दिवशी. समजा सगळी पिकं मिळून 3 लाख 20 हजार आले. त्यातले 1 लाख पीककर्जाचे. ते वेळेत भर, कारण आपल्या राज्यात 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज पडत नाही. एवढा स्वस्त पैसा दुसरीकडे कुठं मिळणार नाही. 80 हजार पुढच्या बी-खताचे. हे पोस्टात वेगळ्या खात्यात टाक आणि त्या खात्यातून मोबाइलवर पैसे देण्याची सोय घेऊ नकोस. कृषी केंद्रात रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा असतो, हे तू स्वतः पाहिलंस. 20 हजार दवाखाना, लग्नकार्य, बैल आजारी पडला किंवा पाण्याची मोटार बिघडली तर. उरले 1 लाख 20 हजार. बारानं भाग, महिन्याला 10 हजार. हा घराचा पगार. दर एक तारखेला तेवढेच काढायचे. पैसा टप्प्याटप्प्यानं येईल, तेव्हा दर चुकाऱ्याला आधी कर्ज आणि बी-खताचा वाटा काढ, मग बाकीचं. पीक कमी आलं तर पगार कमी कर, पेरणीच्या पैशाला हात लावू नकोस.

रोज लिहिणं सोड. आठवडी बाजाराच्या संध्याकाळी पिशवी रिकामी झाली की आईजवळ बस आणि एकच आकडा लिही: महिन्याच्या पैशातले किती उरले. वर्षात बावन्न आकडे होतील, एवढं तुझ्याकडून नक्की होईल. तेल, किराणा, दळण यांचा अंदाज आईला तुझ्यापेक्षा पक्का आहे. 10 हजार पुरतात का, हे तिलाच आधी विचार.

अवघड काम बाबांचं आहे. चुकारा त्यांच्या नावावर येतो. त्यांना हिशोब मागू नकोस, पोरानं हिशोब मागितला की बापाला तो आरोप वाटतो. गेल्या वर्षी पेरणीला उधारी किती घ्यावी लागली, एवढंच विचार आणि ऐकून घे. ते सांगतील. त्या आकड्यावरच दोघं मिळून ठरवा.

यंदा सगळं जमणार नाही. मागची उधारी आधी फेडावी लागेल, तेव्हा बी-खताचे 80 च्या जागी 30 हजार निघाले तरी चालेल. पुढच्या मृगात 50 हजारांचीच उधारी राहील.

सोयाबीन विकलं की काट्याची पट्टी, म्हणजे वजनाची पावती, घेऊन माझ्याकडे ये. पोस्टाचं खातं तोवर उघडून ठेव.

तुझा,
काका